चौसष्ट डॉलरांचे स्वयंपाकघर

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगावात भरलेल्या सभासद-कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या कार्यवाहांनी आम्हांस बोलावले तेव्हा 'शिक्षण आणि समाजोन्नती' असा विषय सुचविला होता. विषय चांगला आहे. पण तो इतका चांगला आहे की त्यावर बोलणाऱ्यास विचार करावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यास ऐकावे लागत नाही. शाळामास्तराने शिक्षणाची थोरवी गावयाची म्हणजे गवळ्याने आपल्याच दुधाची तारीफ करण्यासारखे आहे. म्हणून कार्यवाहांची परवानगी काढून आम्ही विषय बदलून घेतला. आज आम्ही एका स्वयंपाकिणीची हकीकत सांगणार आहोत. ही बाई आपल्या गावची नव्हे, आपल्या देशाचीही नव्हे. तरी तिची हकीकत ह्याच सभेत सांगावी असे आम्हांस का वाटले, ते पुढे आपोआप कळून येईल.

तिचे नाव मिल्ड्रेड काउन्सिल. अमेरिकेच्या दक्षिण भागात नॉर्थ कॅरोलायना नावाचे राज्य आहे. त्यातल्या चॅटम परगण्यात १९२९ सालच्या एप्रिल महिन्यात, एका निग्रो शेतकऱ्याच्या घरी तिचा जन्म झाला. 'निग्रो' हा त्या काळचा शब्द; आज तो कोणी वापरीत नाही, आणि वापरूही नये. तिच्या एका आयुष्यात तिच्या समाजाला हाक मारण्याचे शब्द तीन-चार वेळा बदलले. माणसे तीच, रंग तोच, गाव तेच. फक्त सरकारी कागदावरचे आणि वर्तमानपत्रातले नाव बदलत गेले. आम्ही सीमाभागातली माणसे. कागदावरचे नाव आणि माणूस ह्यांतले अंतर आपणांस निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गुलामगिरी तिकडे १८६५ साली कायद्याने संपली. पण ज्यांच्या आजापणजांनी दुसऱ्याच्या रानात फुकट राबून आयुष्ये काढली, त्यांच्या मुलानातवांच्या वाट्याला त्याच रानातली अर्धेलीची शेती आली. जमीन मालकाची, बियाणे उधारीचे, हात आपले, आणि सुगी झाल्यावर हिशेब मालकाच्या वहीत. कूळकायद्यापूर्वीच्या गोष्टी ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील त्यांस हे चित्र परके वाटणार नाही. मिल्ड्रेडचे वडील एड कॉटन हे असेच वाट्याने शेती करणारे. मुले सात, मिल्ड्रेड सर्वांत धाकटी. ती दोन वर्षांचीही झाली नव्हती तोच आई वारली. वडिलांनी मुले एकट्याने वाढविली.

तिला घरात 'डिप' म्हणत. डिप म्हणजे बुडवून काढणे. अंगणात पावसाचे पाणी साठविण्याचे मोठे लाकडी पीप असे. पाणी तळाशी गेले म्हणजे बाकीच्या भावंडांचा हात पुरत नसे. ही अंगाने उंच आणि हाताने लांब, तेव्हा पाणी काढण्याचे काम हिच्याकडे. आपल्याकडे रांजणाच्या तळातले पाणी काढणाऱ्या पोरीला कोणी टोपणनाव ठेवल्याचे ऐकिवात नाही. आपण ते काम तिचेच आहे असे धरून चालतो. पुढे ह्याच टोपणनावाला 'मामा' म्हणजे आई हा शब्द जोडला गेला, आणि 'मामा डिप' हे नाव सगळ्या राज्याला ठाऊक झाले.

ती नऊ वर्षांची असताना एके दिवशी वडिलांनी सांगितले की, आज तू रानात येऊ नकोस, घरी राहून सगळ्यांसाठी काहीतरी कर. तिचा स्वयंपाक सुरू झाला तो तेव्हापासून. शिकवायला आई नव्हती. मोठ्या बहिणींचे पाहून, चाखून, करपवून ती शिकली. वजनमाप घरात नव्हते, आणि असते तरी त्याचा उपयोग कोणाला होता? पीठ किती, तर हाताला जेवढे पुरेसे वाटेल तेवढे. मीठ किती, तर डोळ्यांना जेवढे बरे दिसेल तेवढे. ह्या पद्धतीला तिने पुढे स्वतःच एक नाव दिले. त्याचा मराठीत सरळ अर्थ 'ओतून टाकण्याचा स्वयंपाक' असा होईल.

येथे शाळामास्तराच्या खोडीप्रमाणे आम्ही थोडे आडवाटेला जातो. आपण ह्याला 'अंदाजाने करणे' म्हणतो. 'अंदाज' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे, टाकणे. तीर टाकणारा तो तीरंदाज; तोफेचा गोळा टाकणारा, आणि आता चेंडू टाकणारा, तो गोलंदाज. आमच्या अम्मी बिर्याणीच्या हंडीत जे अंदाजाने मीठ टाकीत, त्यात आणि तीरंदाजाच्या नेमात शब्दकोशाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. आणि ज्यांनी ती बिर्याणी खाल्ली आहे त्यांच्या दृष्टीनेही नाही. तिकडच्या एका अर्धेलकऱ्याच्या पोरीने आपल्या रीतीला जे नाव दिले, तेच आमच्या भाषेने कित्येक शतकांपूर्वी देऊन ठेवले होते, ह्याचे आम्हांस मोठे नवल वाटले.

१९४५ साली हे कुटुंब चॅपेल हिल ह्या गावी आले. हे विद्यापीठाचे गाव. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ १७९५ साली सुरू झाले; अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी दारे उघडणारे ते पहिले, असा त्याचा लौकिक आहे. दारे उघडली खरी, पण सर्वांसाठी नव्हे. पदवीच्या वर्गात काळ्या मुलांना पहिला प्रवेश मिळाला तो १९५५ साली, म्हणजे विद्यापीठ सुरू झाल्यावर एकशे साठ वर्षांनी. मिल्ड्रेडने केशभूषेचे शिक्षण घेतले, लग्न केले, आठ मुलांची आई झाली. संसार सुखाचा झाला नाही आणि पुढे मोडला. त्याबद्दल अधिक बोलण्याचे हे ठिकाण नाही. स्वयंपाक मात्र कधी सुटला नाही. लोकांच्या घरी, कॉफीच्या दुकानात, विद्यार्थी जेथे एकत्र राहत त्या घरांतून तिने वर्षानुवर्षे रांधले. १९५७ पासून सासूबरोबर एका लहानशा खानावळीत काम केले. सासूसुनांनी एकत्र धंदा चालविला ही गोष्ट आपल्यातल्या काहींना सगळ्या हकीकतीत सर्वांत अविश्वसनीय वाटेल. परंतु ती खरी आहे.

त्या वेळच्या त्या गावात जेवण करणारे हात काळे असले तर चालत होते, जेवायला बसणारे चालत नव्हते. १९६० सालच्या फेब्रुवारीच्या १ तारखेस शेजारच्या ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहाराच्या टेबलाशी जाऊन बसले आणि उठेनात. महिना संपण्यापूर्वीच, २८ फेब्रुवारीला, चॅपेल हिलच्या लिंकन हायस्कूलमधले नऊ विद्यार्थी आपल्या गावच्या एका औषधाच्या दुकानातल्या अशाच टेबलाशी बसले. शाळकरी पोरे होती, आमच्या दहावीच्या वर्गात बसतात त्या वयाची. पुढची चार वर्षे त्या गावात मोर्चे, धरणी, अटका चालू होत्या. १९६४ च्या जुलैमध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला आणि खानावळींच्या दारांवरचा भेद निदान कायद्याने मिटला. आम्ही हे तपशिलाने सांगतो ते अशासाठी की, पुढे मिल्ड्रेडबाईंनी त्याच गावात खानावळ काढली तेव्हा ह्या कायद्याला अवघी बारा वर्षे झाली होती.

ती १९७६ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. रोझमेरी रस्त्यावरची एक खानावळ चालत नव्हती. जागेची दलाली करणाऱ्या एका गृहस्थाने त्यांना विचारले, तुम्ही चालवाल का? बाईंचे वय सत्तेचाळीस. पैसे किती? चौसष्ट डॉलर. त्या वर्षी डॉलरचा भाव आपल्याकडे नऊ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सर्व भांडवल पावणेसहाशे रुपयांच्या घरातले.

आता ह्या चौसष्ट डॉलरांकडे जरा थांबून पाहू या, कारण आमच्या मते सगळी हकीकत ह्या आकड्यात आहे. त्यांतल्या चाळीस डॉलरांचे त्यांनी सामान आणले, आणि चोवीस डॉलर सुटे करून गल्ल्यात ठेवले. गणिताच्या शिक्षकास येथे हटकून दाद द्यावीशी वाटते. भांडवलाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग केवळ मोड म्हणून बाजूला काढून ठेवणे, तेही सामान अपुरे आहे हे दिसत असताना! पण सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने मोठी नोट काढली आणि आपल्याजवळ सुटे नसले तर ते गिऱ्हाईक तसेच जाईल, हे ज्याने आयुष्यात बाजार केला आहे त्यालाच कळते. चाळीस डॉलरांत दिवसभराचे सामान येणे शक्यच नव्हते. आले ते फक्त न्याहारीचे. न्याहारीला लोक आले, त्यांनी पैसे दिले; त्या पैशांचे दुपारच्या जेवणाचे सामान आले. दुपारी लोक जेवले. त्या पैशांतून रात्रीचे सामान आले. रात्री दार लावताना हिशेब केला तेव्हा एकशे पस्तीस डॉलर शिल्लक होते.

व्यापाराच्या पुस्तकात ह्याला खेळते भांडवल म्हणतात. आमच्या वर्गात हा धडा शिकवताना आम्हांला फळ्यावर चार आकृत्या काढाव्या लागतात आणि तरी मागल्या बाकावर जांभया चालू असतात. मिल्ड्रेडबाईंनी तो एका दिवसात तीन वेळा करून दाखविला. ही हुशारी दारिद्र्यातून येते असे कित्येक लोक म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. दारिद्र्य पुष्कळांना असते. ही हुशारी आठ मुलांचे घर रोजच्या रोज चालविण्यातून येते. दुपारचे काय हे सकाळीच ठरविणे आणि रात्रीचे काय हे दुपारी, हा कुठल्याही गृहिणीचा नित्यक्रम आहे. फरक इतकाच की, घरी त्याचा गल्ला नसतो.

खानावळीत पदार्थ कोणते होते, हे ऐकण्यास भगिनीवर्ग उत्सुक असेल. तळलेली कोंबडी हे तर तिकडचे पक्वान्नच. दुसरा पदार्थ कोंबडीच्या रश्श्यात शिजविलेल्या कणकेच्या तुकड्यांचा. पीठ मळायचे, पातळ लाटायचे, कापून उकळत्या रश्श्यात सोडायचे. आपल्या चकोल्यांची ही सख्खी मावसबहीण म्हणावी. डाळीच्या जागी कोंबडी. मक्याच्या पिठाची भाकरीसारखी जाड पोळी ते भट्टीत भाजतात. मैद्याच्या छोट्या मऊ पावांना ते बिस्किट म्हणतात. आपल्या चहात बुडवायच्या बिस्किटाशी त्याचे नाव सोडून काही साम्य नाही. ह्या पावांत यीस्ट नसते. ताक आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की ताकाच्या आंबटपणाने वायू सुटतो आणि पीठ फुगते. म्हणून पीठ फार न मळता चटकन भट्टीत घालावे लागते. हात जड असला की पाव दगड होतो. चवळीची उसळ असते, भेंडी असते, रताळ्याची गोड पाई असते. एक कोबीच्या जातीची रुंद पानांची भाजी असते, ती तासन् तास शिजवितात. तिच्यात बहुधा डुकराचे मांस पडते, तेव्हा आम्हांला ती आणि आपल्यातल्या शाकाहारी मंडळींना जवळजवळ सगळीच पंगत वर्ज्य! पण चवळी आणि भेंडी आपण एका पानात बसून खाऊ शकू. ह्या दोन्ही गोष्टी आफ्रिकेच्या. चवळीची लागवड प्रथम त्या खंडात झाली, आणि भेंडीही बहुधा तिकडचीच. गुलामांच्या व्यापाराबरोबर त्या अमेरिकेत गेल्या; आपल्याकडे त्या निराळ्या वाटेने, पुष्कळ आधी आल्या. उलट मका, रताळे आणि मिरची ही अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांनी ती इकडच्या किनाऱ्यावर उतरविली. आपल्या चुलीवरचे आणि मिल्ड्रेडबाईंच्या चुलीवरचे निम्मे सामान एकमेकांस ओळखते.

१९८५ साली न्यूयॉर्क टाइम्सचे प्रसिद्ध खाद्यलेखक क्रेग क्लेबर्न ह्यांनी त्यांच्या स्वयंपाकावर लिहिले. क्लेबर्न स्वतः दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात वाढलेले, त्यामुळे त्यांची जीभ फसणारी नव्हती. त्या लेखानंतर दूरदूरचे लोक येऊ लागले, आणि जेवून उठणारा जो तो विचारू लागला, ह्याची कृती कुठे लिहिलेली मिळेल?

येथे खरी अडचण उभी राहिली. कृती लिहिलेली नव्हतीच. जिने नवव्या वर्षापासून ओतून, टाकून, चाखून केले, तिने वाटी-चमच्यांचा हिशेब कोठून द्यावा? सोपे वाटते, पण घरी करून पाहा. आपल्या आईला विचारा, आमटीत चिंच किती? ती म्हणेल, लिंबाएवढी. लिंबू केवढे? ती म्हणेल, आंबट असेल तर लहान. ह्यात अज्ञान नाही. चिंच जुनी की नवी, डाळ कुठली, पाणी कसे, जेवणारे कोण, इतक्या गोष्टी ती एका क्षणात जमेस धरते आणि तुम्हांला 'लिंबाएवढी' एवढेच सांगते. हे ज्ञान कागदावर आणावयाचे तर प्रत्येक वेळी टाकण्यापूर्वी हात अडवावा लागतो, मोजावे लागते, लिहावे लागते, मग पुन्हा करून पाहावे लागते. आणि पुन्हा केल्यावर चव आली नाही तर चूक मापाची की हाताची हे शोधावे लागते. प्रयोगशाळेत ह्याहून निराळे काय करतात? मिल्ड्रेडबाईंनी अडीचशेहून अधिक कृती ह्याप्रमाणे पेल्या-चमच्यांत उतरविल्या. पुस्तकाच्या आरंभी त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकतही लिहिली. रानातली, पिपातल्या पाण्याची, चौसष्ट डॉलरांची. १९९९ साली पुस्तक निघाले तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या.

पुस्तक कोणी काढले? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने. ज्या विद्यापीठाच्या वर्गात तरुणपणी त्यांना पाऊल टाकता आले नसते, ज्याच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे रांधले, त्याच विद्यापीठाच्या छापखान्याचे नाव त्यांच्या पुस्तकावर आले. आम्ही पदवीधर माणसे. पुस्तकाच्या पाठीवर विद्यापीठाचे नाव असले की आम्ही ते सरळ बसून वाचतो. हा मान एका स्वयंपाकिणीला मिळाला. २००५ साली दुसरे पुस्तक आले.

आपल्याकडे ह्याचे उदाहरण नाही असे समजू नका. १९७० साली कमलाबाई ओगले ह्यांचे 'रुचिरा' निघाले. बाईंचे शाळेतले शिक्षण अवघे चौथीपर्यंतचे. परंतु त्यांनी माप धरले ते वाटी आणि चमचा, म्हणजे कुठल्याही मराठी घरात सापडणारे. आणि ते पुस्तक सासरी जाणाऱ्या मुलींच्या पेटीत साड्यांच्या घडीखाली जाऊ लागले. चौथी शिकलेल्या बाईने बी. ए. झालेल्या मुलींना शिकविले. आमच्या व्यवसायातल्या लोकांनी हे विसरू नये.

आता एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलतो. राग मानू नये. अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक काळ्या स्वयंपाकिणीला 'मिसेस अमकी' असे म्हणत नसत. तिला 'आँट' म्हणजे मावशी म्हणत. ऐकायला गोड, पण ते गोड बोलणे आडनाव आणि मान द्यावा लागू नये म्हणून होते. पॅनकेकच्या एका तयार पिठाच्या पुडक्यावर अशाच एका 'मावशी'चे चित्र १८८९ पासून छापले जात होते; ते नाव काढून टाकले गेले ते २०२१ साली. आपण काय म्हणतो? आमच्या शाळेत दुपारचे गरम जेवण शिजविणाऱ्या बायका आहेत. दीडदोनशे मुलांचा भात आणि सांबार रोज ठरल्या घंटेला तयार असते. एक दिवसही मुलांना थांबावे लागलेले नाही. आम्ही शिक्षक त्यांना 'मावशी' म्हणतो, मुलेही म्हणतात. मुलांनी म्हणावे, ते शोभते. पण शिक्षकांच्या खोलीत एकदा आम्ही विचारले की, ह्या मावशींचे नाव काय? चौघांपैकी दोघांना सांगता आले नाही. 'मामा डिप' हे नाव मात्र निराळे आहे. त्यातला 'डिप' घरच्यांनी दिला आणि नाव त्यांनी आपल्या दारावर स्वतः लावले.

ह्या हकीकतीचा आपल्या न्यासाशी संबंध येतो तो येथे. आपल्या न्यासाने पन्नास वर्षांत मुलांच्या फिया भरल्या, वह्या वाटल्या, विधवा भगिनींना शिवणयंत्रे दिली. कर्जाऊ मदतीची योजनाही आहे. तिच्या अर्जात एक रकाना आहे: 'व्यवसायाचा पूर्वानुभव'. मागे एक भगिनी हा अर्ज भरून घेण्यासाठी आमच्याकडे आल्या. पंचेचाळिशी उलटलेली, नवरा अंथरुणाला खिळलेला. पेठेतल्या बारशा-लग्नांत, उरुसात, ईदेला शीरखुर्म्यासाठी शेवया करून देण्यात, दिवाळीला चकल्या-कडबोळी तळून देण्यात त्यांची उमर गेली. त्यांना हवी होती एक मोठी शेगडी, दोन पातेली आणि पहिल्या महिन्याच्या किराण्याचे पैसे. पूर्वानुभवाच्या रकान्यापाशी आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तिथं 'नाही' असं लिवा." आम्ही म्हटले, "ताई, तुम्ही स्वयंपाक कधीपासून करता?" त्या हसल्या, म्हणाल्या, "ते काय इचारता? कळायला लागल्यापास्नं." आम्ही रकान्यात 'अठ्ठावीस वर्षे' असे लिहिले. अर्ज आठ दिवसांनी परत आला. शेरा होता: 'पुरावा जोडावा'.

पुरावा काय जोडावयाचा? चकली? विश्वस्त मंडळींच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पैसा समाजाचा आहे, तो जपून द्यावयास हवा, आणि शेरा लिहिणाऱ्याने नियम पाळला. पण १९७६ च्या नोव्हेंबरात मिल्ड्रेडबाईंनी आपल्या न्यासाकडे अर्ज केला असता तर त्यांच्याही रकान्यात 'नाही' असेच लिहिले गेले असते, आणि त्यांच्याजवळ तर तारणही नव्हते. म्हणून महोत्सवी वर्षात आमची एक सूचना आहे. ह्या रकान्याचे शब्द बदलावेत. 'किती वर्षे व कोणाकोणासाठी रांधले' असे विचारावे, आणि पुरावा म्हणून पेठेतल्या पाच घरांच्या सह्या चालाव्यात. रक्कम लहान ठेवावी. परतफेड आठवड्याची असावी, महिन्याची नको, कारण रांधणारीचा पैसा रोज येतो आणि रोज सामानात जातो. पहिल्या रकमेतला तिसरा हिस्सा तिने हातात रोख ठेवावा अशी अट हवी तर जरूर घाला. ती अट आमची नव्हे, मिल्ड्रेडबाईंची आहे. कार्यकारी मंडळापुढे ही सूचना आम्ही लेखी दिली आहे.

त्या बाईंविषयी आणखी थोडे सांगावयाचे राहिले. खानावळ पुढे त्याच रस्त्यावर मोठ्या जागेत गेली. मुले, नातवंडे कामाला लागली. मुलीनातींपैकी काहींनी केकच्या पिठाचे, बिस्किटांचे आपापले धंदे काढले. बाई स्वतः वय झाल्यावरही स्वयंपाकघरात येत. १९९० ते २००० ह्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि गावातल्या काही मंडळींनी मिळून दरवर्षी एक समाजभोजन सुरू केले. त्यात काळे, गोरे, परदेशांतून आलेले, सगळे बोलावलेले असत. ओळखीच्या माणसांनी एकत्र बसावयाचे नाही, अनोळखी माणसाशेजारी बसावे, असा त्या जेवणाचा शिरस्ता. ज्या गावात १९६० साली टेबलाशी बसण्यासाठी पोरांना अटक करवून घ्यावी लागली, त्या गावातले हे जेवण. २०१८ सालच्या मे महिन्याच्या २० तारखेस मिल्ड्रेड काउन्सिल वारल्या. वय एकोणनव्वद.

आपलीही पंगत आता बसावयाची आहे, आणि मागल्या मंडपातून वास येऊ लागला आहे, तेव्हा श्रोत्यांचे लक्ष आमच्याकडे किती आहे हे आम्ही जाणून आहोत. सभासदांनी आपापल्या गल्लीतल्यांशेजारी न बसता चिठ्ठीवरच्या आकड्याप्रमाणे बसावे, अशी व्यवस्था कार्यवाहांनी आमच्या विनंतीवरून केली आहे. कोणी कुरकूर करू नये.

स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली जाणार आहे. तिच्यामागच्या पानावर आणखी एक यादी छापावी अशी आमची विनंती संपादकांनी मान्य केली आहे. पहाटे चार वाजल्यापासून मागे चुलीपाशी ज्या अकराजणी उभ्या आहेत त्यांची नावे आम्ही सकाळी जाऊन लिहून आणली. पूर्ण नावे, आडनावांसकट. कागद कार्यवाहांच्या हवाली केला आहे. दोघींनी नाव सांगताना "आमचं कशाला?" असे म्हटले; त्यांचीही लिहिली आहेत.